बहुविश्वाचे प्रमाण

आपल्या विश्वाखेरीज आणखीही विश्वे असावीत, ही कल्पना आधुनिक भौतिकशास्त्रात तीन वेगवेगळ्या वाटांनी आली. या वाटांचा उगम निराळा, आशय निराळा आणि त्यांच्या पाठीशी असलेला पुरावाही निराळ्या प्रतीचा. लोकप्रिय लिखाणात आणि चित्रपटांत मात्र तिन्ही ‘मल्टिव्हर्स’ या एकाच नावाने वावरतात, आणि या विषयातला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली वाट पुंजयामिकीची. या शास्त्रानुसार एखाद्या कणाची अवस्था म्हणजे अनेक शक्यतांची बेरीज असते; मोजमाप केले की मात्र त्यातली एकच शक्यता हाती लागते. उरलेल्या शक्यतांचे काय होते, या प्रश्नाला प्रिन्स्टनमधील ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली धाडसी उत्तर दिले: त्या नाहीशा होत नाहीत. प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत खरी ठरते आणि पाहणाराही त्या शाखांबरोबर विभागला जातो. जॉन व्हीलर यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या या प्रबंधाकडे जवळजवळ तेरा वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. १९७० साली ब्राइस डेविट यांनी ‘फिजिक्स टुडे’त त्यावर लेख लिहिला तेव्हा त्याची चर्चा सुरू झाली.

दुसरी वाट विश्वाच्या जन्माशी जोडलेली आहे. ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये असे मांडले की अगदी सुरुवातीच्या क्षणी विश्व प्रचंड वेगाने फुगले असावे. या इन्फ्लेशनच्या सिद्धांतावर काम करताना अलेक्झांडर विलेंकिन आणि आंद्रेई लिंडे यांना आढळले की ही फुगण्याची क्रिया एकदा सुरू झाली की सगळीकडे एकाच वेळी थांबत नाही. जिथे थांबते तिथे एक विश्व तयार होते, बाकीचा अवकाश फुगतच राहतो. तिसरी वाट स्ट्रिंग सिद्धांताची. त्यातल्या जादा मिती किती प्रकारे गुंडाळल्या जाऊ शकतात याचा अंदाज एकावर पाचशे शून्ये इतका मोठा सांगितला जातो, आणि प्रत्येक प्रकारातून वेगळ्या स्थिरांकांचे विश्व संभवते.

एव्हरेट यांची कल्पना हा प्रयोगांत शेकडो वेळा खऱ्या ठरलेल्या समीकरणांचा एक अर्थ आहे. इन्फ्लेशनला अप्रत्यक्ष, पण बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. स्ट्रिंग सिद्धांताला प्रयोगाचा आधार अद्याप मिळालेला नाही. हा दर्जाचा फरक विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असतो आणि लोकप्रिय माध्यमांत पहिल्यांदा पुसला जातो तो हाच.

‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) किंवा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (२०२२) या चित्रपटांत एका विश्वातले पात्र दुसऱ्या विश्वात जाते, निदान तिथल्या स्वतःशी संपर्क साधते. कथेला ती मोकळीक आहेच. पण वरच्या तिन्ही कल्पनांमध्ये नेमकी हीच गोष्ट निषिद्ध आहे. एव्हरेट यांच्या शाखा एकदा वेगळ्या झाल्या की व्यवहारात पुन्हा एकमेकींवर परिणाम करू शकत नाहीत. इन्फ्लेशनच्या विश्वांमधला अवकाश इतक्या वेगाने वाढत असतो की प्रकाशही सहसा ते अंतर कापू शकत नाही. प्रेक्षकाला जे बहुविश्वाचे मर्म वाटते, ते सिद्धांताने नाकारलेले असते.

मराठीत या कल्पनेवर लिहिलेली सर्वांत प्रसिद्ध कथा जयंत नारळीकरांची आहे. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर विश्वरचनाशास्त्रात मोलाचे काम केलेल्या आणि पुढे पुण्यात ‘आयुका’ उभारलेल्या नारळीकरांनी (१९३८–२०२५) ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे यांना अशा विश्वात नेले, जिथे १७६१ मध्ये पानिपतावर मराठे जिंकले. फरक एका गोळीचा. आपल्या इतिहासात ती विश्वासरावांना लागते. तिथे ती त्यांच्या कानाला चाटून जाते. इंग्रजी रूपात ही कथा अकरावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातही गेली, त्यामुळे देशभरातल्या विद्यार्थ्यांची समांतर विश्वांशी पहिली ओळख अनेकदा तिच्यातूनच होते.

या कथेचा शेवट विचार करायला लावणारा आहे. परत आलेल्या गायतोंड्यांचा अनुभव भ्रम म्हणून झटकून टाकता आला असता. पण त्यांच्या खिशात तिथल्या बखरीचे फाटलेले पान निघते, आणि गोळी चुकल्याचे वर्णन त्या पानावर असते. भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या मित्राला मग पुंजयामिकीचा आधार घेऊन या घटनेचा अर्थ लावावा लागतो. लेखक स्वतः शास्त्रज्ञ असल्याने पुराव्यावाचून हा दावा उभा राहणार नाही, याची जाण कथेच्या रचनेतच उतरली आहे. कल्पितात ते पान खिशात सापडते. प्रत्यक्ष भौतिकशास्त्रात असे पान मिळण्याची सोय सिद्धांतानेच ठेवलेली नाही, आणि बहुविश्वाचा तात्त्विक प्रश्न उभा राहतो तो इथे: जे तत्त्वतःच दिसू शकत नाही, ते आहे असे कोणत्या प्रमाणाने म्हणायचे?

भारतीय दर्शनांनी ज्ञानाच्या साधनांची, म्हणजे प्रमाणांची, फार बारकाईने चिकित्सा केली आहे. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज काही मानले नाही. नैयायिकांनी अनुमान मानले, पण त्याला अट घातली: धुरावरून अग्नी ओळखायचा तर धूर आणि अग्नी यांचे नियत साहचर्य आधी कुठेतरी, निदान स्वयंपाकघरात, पाहिलेले असले पाहिजे. मीमांसकांनी याखेरीज अर्थापत्ती हे वेगळे प्रमाण सांगितले. त्याचे ठरलेले उदाहरण देवदत्ताचे. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, या दोन्ही गोष्टी पक्क्या असतील तर तो रात्री जेवतो असे मानावेच लागते. कारण त्यावाचून पाहिलेल्या गोष्टींची संगती लागत नाही.

सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे मोठे शोध बहुतांशी अर्थापत्तीच्या जातीचे आहेत. युरेनस गणिताने ठरवलेल्या मार्गावरून किंचित ढळत होता. ले व्हेरिए यांनी त्यावरून पलीकडे एक ग्रह असला पाहिजे असे मांडले आणि त्याची जागाही सांगितली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाले यांना त्या जागेपासून एक अंशाच्याही आत नेपच्यून सापडला. पुढे याच ले व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतल्या विचलनाकडे लक्ष वळवले. शतकाला सुमारे ४३ विकलांची ही तफावत न्यूटनच्या नियमांनी सुटत नव्हती. त्यांनी १८५९ मध्ये पुन्हा तोच मार्ग धरला आणि सूर्याजवळ आणखी एखादा ग्रह असावा असे सुचवले. त्याला व्हल्कन हे नाव मिळाले, तो पाहिल्याचे दावेही झाले. पण तो ग्रह नव्हताच. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले की ते विचलन गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून आपोआप निघते. शास्त्रज्ञ एकच, तर्काची पद्धत तीच, गणिताचे कौशल्यही तेवढेच. तरी एकदा निष्कर्ष खरा निघाला आणि एकदा खोटा. दोन्हींतला निवाडा तर्काने केला नाही, आकाशाने केला.

नैयायिक आणि मीमांसक यांच्या वादाचा गाभा इथे उपयोगी पडतो. अर्थापत्ती तेव्हाच पक्की, जेव्हा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने संगती लागत नाही. व्हल्कनच्या बाबतीत दुसरा मार्ग होता, फक्त तो १८५९ मध्ये कोणाला सुचलेला नव्हता. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये गृहीत धरलेला न्यूट्रिनो १९५६ मध्ये सापडला. १९६४ मध्ये कल्पिलेल्या हिग्ज कणाला ४ जुलै २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली, तर गुरुत्वीय लहरींना जवळजवळ शंभर वर्षे. विलंब हा दोष नव्हे. यांतल्या प्रत्येक बाबतीत शोधायचे कुठे आणि कशाने, हे मात्र ठरवता येत होते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे होऊ घातलेली गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा याच परंपरेतली आहे.

बहुविश्वाच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवादही याच पद्धतीने उभा राहतो, आणि तो न्याय्यपणे मांडला पाहिजे. कृष्णविवराच्या सीमेच्या आत गेलेला निरीक्षक बाहेर निरोप पाठवू शकत नाही. तरीही आत काय घडते याचे सापेक्षता सिद्धांताने केलेले वर्णन बऱ्याच अंशी गंभीरपणे घेतले जाते, कारण तोच सिद्धांत बाहेर असंख्य कसोट्यांना उतरला आहे. तसेच इन्फ्लेशन बाकी सर्व बाबतीत खरे ठरले, तर त्याचे न दिसणारे परिणामही मान्य केले पाहिजेत, असे म्हणता येते. हा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र त्याचे बळ मूळ सिद्धांताच्या बळाइतकेच राहते. कृष्णविवराबाबत ते प्रचंड आहे, इन्फ्लेशनबाबत मध्यम, स्ट्रिंग सिद्धांताबाबत अगदी क्षीण.

या चर्चेला धार्मिक रंग चढतो तो निसर्गातल्या स्थिरांकांमुळे. अवकाशाच्या रिकाम्या पोकळीतल्या ऊर्जेचा सैद्धांतिक अंदाज निरीक्षणापेक्षा सुमारे एकावर १२० शून्ये इतक्या पटीने मोठा येतो. ही ऊर्जा खरोखर तशी असती तर दीर्घिका, तारे आणि जीव घडलेच नसते. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये युक्तिवाद केला की विश्वे अनेक असतील तर ज्यात जीव संभवतो अशाच विश्वात आपण असणार, आणि तिथे ही ऊर्जा लहान, पण शून्य नसलेली असणे स्वाभाविक आहे. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून तशीच लहान, पण शून्य नसलेली ऊर्जा आढळली. ईश्वरवादी याच वस्तुस्थितीवरून रचनाकाराकडे जातात. मग पाश्चात्त्य माध्यमांत प्रश्न अनेकदा ‘देव की बहुविश्व’ असा मांडला जातो, जणू दोनच पर्याय आहेत.

भारतीय परंपरेतले धार्मिक चिंतन या मांडणीत बसत नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, असे अनुमान मांडले. पण वेदप्रामाण्य शिरोधार्य मानणाऱ्या मीमांसकांनीच असा कर्ता नाकारला. जग कधी वेगळे नव्हतेच, असे त्यांचे म्हणणे. याहून लक्षणीय भूमिका रामानुजाचार्यांची. ईश्वरावर त्यांची अढळ निष्ठा, तरी ‘श्रीभाष्या’त त्यांनी ईश्वर अनुमानाने सिद्ध होतो हे म्हणणे खोडून काढले. सगळे जग एकाच वेळी, एकाच कर्त्याने निर्मिले, हे कार्यावरून निघत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. शंकराचार्यांनीही ब्रह्माबाबत केवळ तर्काला अंतिम स्थान दिले नाही. एका तार्किकाने उभे केलेले दुसरा अधिक कुशल तार्किक पाडतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. भक्तीची आणि ज्ञानाची इमारत अनुमानाच्या पायावर उभारू नये, हे या आचार्यांनी ओळखले होते.

ही समज आजच्या लोकप्रिय लिखाणात हरवलेली दिसते. ‘क्वांटम भौतिकशास्त्राने वेदान्त सिद्ध केला’ अशा आशयाची भाषणे आणि चित्रफिती विपुल आहेत. त्यांत प्रथम पुढे येतो तो निरीक्षकाचा मुद्दा: पाहिल्याने वास्तव ठरते, म्हणून चैतन्य हेच मूळ. २००४ च्या ‘व्हॉट द ब्लीप डू वी नो!?’ या चित्रपटाने हा विचार जगभर पोचवला. त्यात दिसलेले तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी आपले म्हणणे विपर्यस्त रूपात दाखवल्याची तक्रार नंतर केली. मोजमापात चैतन्याची भूमिका असावी असे यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये खरोखर लिहिले होते, पण पुढे त्यांनी ते मत सोडून दिले. कणाची अवस्था बिघडवायला कोणी पाहण्याची गरज नसते. हवेचा एखादा रेणू किंवा प्रकाशाचा कण आदळला तरी पुरते.

दुसरा आधार श्रोडिंगर यांचा घेतला जातो. त्यांना उपनिषदांचे खरे प्रेम होते आणि १९२५ मध्ये त्यांनी वेदान्तावर मनापासून लिहिले. पण १९२६ चे त्यांचे समीकरण आले ते लुई दे ब्रॉग्ली यांच्या द्रव्यलहरींतून आणि प्रकाशकी व यामिकी यांच्यातल्या जुन्या साधर्म्यातून. त्यांनी स्वतः वेदान्ताला समीकरणाचा पुरावा केले नाही, आणि समीकरणाला वेदान्ताचाही नाही. कार्ल सेगन यांच्या ‘कॉसमॉस’ (१९८०) मालिकेचेही असेच झाले. हिंदू पुराणांतले कल्पांचे कालमान आधुनिक विश्वरचनाशास्त्राच्या मापांशी जुळते, असे त्यांनी कौतुकाने सांगितले, आणि त्याच वाक्यात हा निःसंशय योगायोग असल्याचेही सांगितले. वाक्याचा पहिला भाग फिरत राहतो, दुसरा बहुधा गळतो. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे हे खरे. पण विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. जुळणारी संख्या निवडून घेणे म्हणजे प्रमाण नव्हे. शिवाय उद्या भौतिकशास्त्र बदलले तर त्यावर टेकवलेल्या श्रद्धेचे काय, हा प्रश्न श्रद्धावानांनीच आधी विचारायला हवा.

वृत्तमाध्यमांचा दोष वेगळ्या स्वरूपाचा आहे. तिथे अर्थापत्तीला प्रत्यक्षाचा दर्जा मिळतो. सप्टेंबर २००८ मध्ये जिनिव्हाजवळचा मोठा त्वरक सुरू होताना तो पृथ्वी गिळणारे कृष्णविवर निर्माण करील, असे कार्यक्रम भारतीय वाहिन्यांवर चालले. त्वरकातल्या टकरींहून कितीतरी अधिक ऊर्जेचे विश्वकिरण अब्जावधी वर्षे पृथ्वीवर आदळत आहेत आणि पृथ्वी शाबूत आहे, एवढे एक वाक्य त्या भीतीला पुरेसे उत्तर होते. या बातम्यांच्या धास्तीने मध्य प्रदेशात एका मुलीने जीव दिल्याचे वृत्तही तेव्हा प्रसिद्ध झाले. शास्त्राच्या चुकीच्या चित्रणाची किंमत केवळ अज्ञानापुरती राहत नाही.

दोष नेहमी पत्रकारांचाच असतो असेही नाही. १७ मार्च २०१४ रोजी बायसेप-२ गटाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीने विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा टिपला आहे. त्यांच्यातला एक शास्त्रज्ञ लिंडे यांच्या दारात जाऊन ही वार्ता देतो, ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. इन्फ्लेशन सिद्ध झाले आणि बहुविश्वही जवळ आले, असे मथळे झळकले. पुढे प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून कळले की तो संकेत आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो. २०१५ च्या आरंभी दोन्ही गटांच्या संयुक्त विश्लेषणाने मूळ दावा मागे पडला. तपासणी वर्षभरात झाली, हे विज्ञानाच्या पद्धतीचे यश. पण घोषणा ऐकलेल्यांपैकी कितीजणांपर्यंत तिची दुरुस्ती पोचते, याची फिकीर घोषणा करणाऱ्यांनी वाहायला हवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये असेच पुन्हा घडले. गूगलच्या क्वांटम संगणकावर नऊ क्युबिट वापरून एका अतिशय सोप्या केलेल्या प्रतिकृतीचे गणित चालवण्यात आले, आणि शास्त्रज्ञांनी वर्महोल, म्हणजे अवकाशातली दोन ठिकाणे जोडणारा बोगदा, ‘निर्माण केले’ अशी बातमी जगभर गेली. क्वांटा या प्रतिष्ठित विज्ञान नियतकालिकालाही आपला मथळा नंतर बदलावा लागला.

कल्पित आणि विज्ञान यांचे नाते याहून निकोप असू शकते, याचे उदाहरण वर्महोलचेच आहे. सेगन यांनी १९८५ च्या सुमारास ‘कॉन्टॅक्ट’ कादंबरीसाठी किप थॉर्न यांना विचारले की ताऱ्यांमधला प्रवास कसा दाखवावा. त्या प्रश्नातून थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांचा १९८८ चा शोधनिबंध जन्मला. असे वर्महोल उघडे राहायला ऋण ऊर्जेचे विलक्षण द्रव्य लागेल, हे त्यांनी त्यात उघडपणे मांडले. कादंबरीने कल्पनेला वाट दिली, निबंधाने अट सांगितली, आणि दोहोंत कोणी कोणाची जागा घेतली नाही.

अशा कल्पनांना विज्ञान म्हणावे की तत्त्वज्ञान, यावर शास्त्रज्ञांतही तीव्र मतभेद आहेत. जॉर्ज एलिस आणि जो सिल्क यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहून बजावले की खोटे ठरवता येण्याची अट सैल केली तर भौतिकशास्त्राची विश्वासार्हता ढासळेल. रिचर्ड डाविड यांच्यासारखे तत्त्वज्ञ म्हणतात की पर्याय सापडत नसणे हाही सिद्धांताच्या बाजूने एक मर्यादित पुरावा ठरतो. पण व्हल्कनचा इतिहास त्यांच्या विरुद्ध जातो. तत्त्वज्ञ पॉपर यांची ही खोटे ठरवता येण्याची अट एकटी पुरत नाही, हेही खरे. नारळीकरांनी २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. उत्तरे देणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश ४६ टक्के होते. नाणे उडवले असते तरी सरासरी ५० टक्के आले असते. म्हणजे फलज्योतिष तपासता येते आणि ते तपासात नापास झाले आहे. बहुविश्व नापास झालेले नाही, पण ते अजून परीक्षेलाच बसलेले नाही. या दोघांना एका पंक्तीत बसवणे अन्यायाचे, आणि बहुविश्वाला हिग्ज कणाच्या पंक्तीत बसवणेही तितकेच.

परीक्षा घेण्याचे प्रयत्न मात्र चालू आहेत. शेजारचे विश्व कधी आपल्या विश्वाला धडकले असेल तर वैश्विक सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमीवर चकतीसारखी खूण उरावी, या अपेक्षेने २०११ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाची माहिती तपासली गेली. निर्णायक असे काही आढळले नाही. एव्हरेट यांच्या कल्पनेची कसोटी अधिक नेमकी आहे. १९८६ मध्ये गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी असा पर्यायी सिद्धांत मांडला की पुरेशा मोठ्या वस्तूंच्या बाबतीत शक्यतांची बेरीज आपोआप कोसळून एकच उरते. हे खरे ठरले तर समांतर शाखांना जागा राहत नाही. २०१९ मध्ये व्हिएन्नातील प्रयोगात सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंनीही लहरींसारखे व्यतिकरण दाखवले. कोसळण्याची सीमा असेलच तर ती याहून जड वस्तूंपाशी असणार, आणि त्या दिशेने पुढचे प्रयोग आखले जात आहेत.